मदत हवी आहे: मुंबई–नागपूर विमानाचं अंतर किती धरायचं?

मुलीच्या शाळेच्या प्रकल्पासाठी या प्रवासाचं कार्बन उत्सर्जन काढतोय. थेट विमान, एका बाजूचं. दोन्ही विमानतळांचे अक्षांश-रेखांश सूत्रात घालून ६८३ किमी आलं, दोनदा ताळा केला. रस्त्याचं अंतर नकोय. एकटा समृद्धी महामार्गच ७०१ किमीचा आहे.

पण फोनवर विमानाचा माग पाहिला, तर ते जुहूवरून आधी पश्चिमेला समुद्रावर गेलं आणि मग वळसा घेऊन नागपूरकडे लागलं. म्हणजे प्रत्यक्षात जास्तच उडतं. आंतरराष्ट्रीय नागरी विमान वाहतूक संघटनेच्या पद्धतीत ५५० ते ५५०० किमीच्या मार्गांना सरसकट १०० किमी मिळवतात. एवढ्या जवळच्या मार्गाला ते मला फार वाटतात.

वैमानिक किंवा हवाई वाहतूक नियंत्रणातलं कुणी इथे आहे का? या मार्गावर साधारण किती किलोमीटर वाढतात?