अनुभव धागा: पावसाळ्यातल्या पायऱ्या आणि घरातल्या थोरांचा तोल

अंगणकाठ
पाऊस लागला. चिऱ्याच्या पायऱ्यांवर हिरवट थर धरला, त्यावरून तुळशीकडे जाणारी अनवाणी पावलं पाहिली आणि जुनं सगळं आठवलं. म्हणून धागा. सत्तरीपुढच्यांकडून काय करून घेता, नेमकं लिहा.

सुरुवात करते. स्वयंपाकाचा ओटा हा सगळ्यात भक्कम आधार. ओट्याकडे तोंड, दोन्ही हात टेकलेले. टाचा तीन मोजत वर, तीन मोजत खाली, दहा वेळा. मग उलट, चवडे उचलून टाचांवर. इथे बहुतेकांचं बूड मागे जातं आणि घोट्याला काही कामच उरत नाही. ठेच लागू नये म्हणून पाऊल उचलून धरणारा स्नायू नडगीच्या पुढे असतो, तो याच व्यायामाने तयार होतो. अर्धवट करू नका.

म्हापशेंकार
आधी तोल कुठे सुटतो ते बघा. उभं राहण्याचे चार टप्पे, प्रत्येकी 10 सेकंद: पावलं जोडून, एक पाऊल अर्धं पुढे, एका पायाची टाच दुसऱ्याच्या बोटांना लावून एका रेषेत, एका पायावर. तिसरा 10 सेकंद टिकला नाही तर पडण्याचा धोका जास्त, असं धरतात. जिथे डगमगतात त्याच टप्प्याचा सराव. आधी दोन हात ओट्यावर, मग एक, मग एक बोट, मग हात नुसता वर तरंगता. घरचं माणूस बाजूला, किंचित मागे. समोर उभं राहून हात ओढू नये. नजर पावलांवर नको, समोरच्या भिंतीवर.

सांजवात
प्लास्टिकची खुर्ची धरून कधीच नको!! एका बाजूला भार आला की उलटते. लाकडी, बिनचाकांची, पाठ भिंतीला टेकलेली.

पाटावरची
खुर्चीतून हात न लावता उठणं-बसणं, 5 ते 10 वेळा. पावलं गुडघ्यांच्या थोडी मागे, छाती पुढे झुकवून उठायचं. खरी गोम बसण्यात आहे. धप्पकन बसतात, मांड्यांना काम पडतच नाही. चार मोजत बसवा. श्वास रोखू देऊ नका.

अंगणकाठ
@पाटावरची खुर्ची बुटकी असली तर?

पाटावरची
वर घट्ट घडीची चादर घाल गो. मऊ उशी नको, ढुंगण रुततं. आठवड्याने घडी एक थर कमी.

फोंड्याचो
आमच्याकडची म्हणतात, देवळात रोज चालतो, पुरे झालं.

म्हापशेंकार
चालणं चांगलंच, पण नुसत्या चालण्याने तोल फारसा सुधारत नाही. वळताना पडतात. ओट्याला धरून आडवी दहा पावलं उजवीकडे, दहा डावीकडे, आणि छोट्या छोट्या पावलांनी पूर्ण वळसा. एका पायावर गर्रकन वळायचं नाही. आठवड्यातून निदान तीन दिवस.

रानफूल
पहाटे न्हाणीकडे जाताना पडतात त्याचं काय? झोपेतून एकदम उभं राहिलं की काहींचा रक्तदाब खाली येतो. पलंगावरच घोटे वीस वेळा वर-खाली, मग काठावर बसून मिनिटभर थांबायचं, मग उभं. तरीही भोवळ आली तर डॉक्टरांकडून आडवं आणि उभं, दोन्ही वेळचं प्रेशर मोजून घ्या. रक्तदाबाच्या, झोपेच्या गोळ्याही दाखवा. गोळी मनाने बंद करायची नाही.

सांजवात
शेवाळाचं बोला कोणी, रोज घासून हात गेले.

फोंड्याचो
ब्लिचिंग पावडर पाण्यात कालवून थोडा वेळ ठेवा, खराट्याने घासा, भरपूर पाणी. तुळशीच्या मुळाशी ओघळ जाऊ देऊ नका. झिजल्या तळाच्या रबरी चपला मात्र आजच फेका, घासलेल्या पायरीवरही घसरतात.

रानफूल
चवथ येतेय, गणेश चतुर्थी. गणपतीच्या वर टांगायची फळापानांची माटोळी बांधायला थोरल्यांना स्टुलावर चढू देऊ नका. मान मागे टाकून वर बघत हात उंचावला की तोल तिथेच जातो. फळं निवडायला, सुंभ वळायला खाली बसवा.

पाटावरची
खाली नको गं, खुर्चीवर. जमिनीवरून उठायचं वेगळंच शिकवावं लागतं: कुशीवर, मग चार पायांवर, मग खुर्ची धरून आधी चांगला पाय पुढे.