परदेशी मुलांबरोबर इथेच श्रमदान केलंय का कोणी? अनुभव सांगा ना

येऊरवाली: काल दिवाळीची साफसफाई काढली. माळ्यावरच्या डब्यात दाभण सापडली, गंजलेली, भोकात अजून सुतळीचा तुकडा. मी शिडीवरच बसून राहिले. कॉलेजात एनएसएसला होते तेव्हा येऊरच्या एका पाड्याजवळ ओढ्यावर वनराई बंधारा बांधलेला, सोबत सात-आठ परदेशी मुलंमुली. पाऊस ओसरला की ओढा आटायच्या आत पाणी अडवायचं, म्हणून सिमेंटच्या रिकाम्या गोण्यांत माती भरायची, तोंड शिवायचं आणि विटांसारखी सांधेमोड करत रचायच्या. शिवायला पाड्यातली एक आजी बसलेली. कोरियाची एक मुलगी गेली आणि सरळ तिच्या शेजारी मांडी घालून बसली. एकीचं दुसरीला अक्षर कळत नव्हतं. आजीने तिचा हात हातात धरून दाभण आरपार कशी काढायची ते दाखवलं, बस. दुसऱ्या दिवसापासून तिच्या गोण्या लांबूनच ओळखू यायच्या, शेवटी दोन गाठी मारायची ती. आजी म्हणाली, हिची गोणी फुटायची नाही. निघताना त्या कोरियन मुलीने तिची दाभण माझ्या हातात दिली, का ते विचारायचं राहून गेलं. तुमचे पण सांगा.

कोपरीकर: कुठला पाडा ताई? माझं आजोळ त्या बाजूला

सानपाडा_काकू: अगं किती छान लिहिलंस!! माझ्याकडे जर्मनीचा मुलगा राहिलेला तीन आठवडे, मोठं सांगायचंय, कुकर लावलाय, आले

खाडीकाठ: आमचं ऐरोलीला, तिवरांतला कचरा काढायचा होता. ज्यांनी केलंय त्यांना माहितीये, ओहोटीतच उतरायचं, गुडघाभर चिखल, आणि तिवराची श्वास घ्यायची मुळं खिळ्यांसारखी वर आलेली असतात त्यात पिशव्या, नायलॉनचे दोरे अडकतात. आम्ही दणादण ओढून पोती भरत होतो. जपानचा एक पोरगा मात्र एकेका मुळाभोवतीचा दोरा बोटांनी सोडवत बसलेला, सकाळभरात पोतं अर्धं पण नाही भरलं त्याचं. मला आधी राग आला, मग बघितलं आम्ही ओढलेल्या ठिकाणी मुळं मोडलेली. त्या दिवसापासून खिशात कात्री ठेवतो, दोरा कापून काढतो.
आणि एक राहिलं, निर्माल्याच्या पिशव्यांसोबत देवांच्या तसबिरी निघतात ना, काच फुटलेल्या. फ्रान्सच्या मुलीने एक स्वतःच्या ओढणीने पुसली आणि विचारलं, हे कुणाच्या घरचे? आमच्यातलं कोणी बोललं नाही. काय सांगणार होतो.

नेरुळ_सेक्टर_४: तसबिरींचं वाचून गळा दाटून आला

पामबीचवरून: फ्लेमिंगो आले का पण यंदा?? कोणी बघितले का

कोपरीकर: अजून नाही, थंडी पडू दे

मनातलं_बोलते: मी जरा वेगळं लिहिते, कोणाला लागलं तर माफ करा. एका संस्थेचं नाव घेत नाही. आठ दिवस आम्ही वस्तीतल्या मुली बालवाडीची भिंत रंगवत होतो, परदेशी मुलं शेवटचे दोन दिवस आली. पेपरात फोटो त्यांचाच, आम्ही कडेला पण नाही. वस्तीतल्या लहान मुलांना न विचारता कडेवर घेऊन फोटो काढणं तर विचारूच नका. त्या मुलांची चूक नव्हती हो, त्यांना तसंच सांगितलेलं. त्यातल्याच एका स्पॅनिश मुलीला मी हे तोंडावर सांगितलं, तर तिने फोनमधले सगळे फोटो माझ्यासमोर पुसले आणि मग दिवसभर माझ्याबरोबर ब्रश धुतले. तिच्याशी अजून बोलते मी.

येऊरवाली: बरं झालं लिहिलंस गं. घरच्या माणसांना पुढे ठेवलं नाही तर त्या श्रमदानाला काय अर्थ

जुना_ठाणेकर: पोरींनो, या प्रकाराला १०० वर्षं होऊन गेली. पहिल्या महायुद्धानंतर १९२० मध्ये पिएर सेरेसोल या स्विस माणसाने फ्रान्समध्ये व्हर्दंजवळ पहिलं शिबिर भरवलं, कालपर्यंत एकमेकांच्या शत्रू असलेल्या देशांतली माणसं मिळून उद्ध्वस्त गाव उभं करायला. त्यातूनच सर्व्हिस सिव्हिल इंटरनॅशनल ही अशी शिबिरं भरवणारी संस्था उभी राहिली. १९३४ चा बिहारचा भूकंप झाला तेव्हा सेरेसोल स्वतः आले, सोबत्यांना घेऊन राबले. फोटोचं वाचून वाईट वाटलं. मुळात हे कुदळ-फावड्याचं काम आहे.

डोंबिवली_लोकल: काका हे माहीतच नव्हतं, धन्यवाद. माझी मुलगी १७ ची आहे तिला अशा शिबिराला घेतील का कोणी सांगा

खाडीकाठ: बहुतेक ठिकाणी १८ पूर्ण लागतात ताई. खाडीसफाईला तुम्ही सोबत असाल तर आणा की

सानपाडा_काकू: आले. तर हा जर्मनीचा मुलगा, महापालिकेच्या शाळेत मुलांसोबत परसबाग लावायला जायचा, रोज नखांत माती घेऊन यायचा. पहिल्या दिवशी मी त्याला वेगळं फिकं वरण केलं तर तो माझ्या सासूबाईंच्या ताटाकडे बोट दाखवून म्हणाला, तेच. नाचणीची भाकरी आणि ठेचा! डोळ्यांतून पाणी, पण ताट पुसून खाल्लं. सासूबाईंना गुडघ्यांमुळे खाली उतरवत नव्हतं, त्यांनी खिडकीतून बघून त्याला शिकवलं आळूला किती पाणी लागतं, तिसऱ्या मजल्यावरून ओरडून, मराठीत, आणि तो खालून हो आजी हो आजी. सासूबाई गेल्या मागच्या वर्षी. मी मेसेज केला तर त्याने त्याच्या बाल्कनीतल्या आळूचा फोटो पाठवला, कंद इथूनच नेला होता म्हणे.

नेरुळ_सेक्टर_४: काकू 😢 कंद तिकडच्या थंडीत जगला?

सानपाडा_काकू: हिवाळ्यात कुंडी घरात घेतो म्हणाला

पामबीचवरून: खाडीकाठ, रविवारी जाणार आहात का? आपली ठाण्याची खाडी २०२२ ला रामसरच्या, म्हणजे जगातल्या महत्त्वाच्या पाणथळ जागांच्या यादीत गेली तेव्हापासून म्हणतेय येते येते

खाडीकाठ: या ना, ओहोटीची वेळ शनिवारी टाकतो. चप्पल नको, चिखलात राहते, गमबूट किंवा घट्ट लेसचे जुने बूट. आणि कात्री