मुरमाच्या उतारावर ब्रेक कसा धरायचा? शर्यत तीन आठवड्यांवर आली आहे

नववीतली, म्हसरूळ

नमस्कार. सहामाही परीक्षा संपली की आमची आंतरशालेय माउंटन बाइक शर्यत आहे. सोळा वर्षांखालच्या मुलींना तीन फेऱ्या, एक फेरी साधारण साडेतीन किलोमीटरची.

गेल्या वर्षीही मी उतरले होते. चढावर सहा जणींना मागे टाकलं. वरून खाली येताना मुरमाचा उतार आहे आणि मध्येच डावीकडे वळण. पहिल्याच फेरीत तिथे पडले. कोपर सोललं, हँडल वाकडं झालं. पुढचं चाक दोन्ही गुडघ्यांत धरून ते सरळ केलं आणि निघाले. पण पुढच्या दोन्ही फेऱ्यांना त्या उतारावर मी सायकल हातात धरून चालत उतरले, आणि चढावर मागे टाकलेल्या सगळ्या जणी तिथे माझ्या पुढे गेल्या. शेवटून चौथी आले. पडल्याचं काही वाटत नाही, चालत उतरले ते अजून मनातून जात नाही.

सायकल मामेभावाची आहे. पुढे सस्पेन्शन, दोन्हीकडे डिस्क ब्रेक, पुढे तीन आणि मागे सात गिअर. दम वाढावा म्हणून बाबा दर रविवारी मला नाशिकहून त्र्यंबक रोडने अंजनेरी फाट्यापर्यंत नेतात. दम वाढलाय. उताराची भीती तेवढीच आहे. चामरलेणीच्या पायथ्याला तसाच एक मुरमाचा उतार आहे, तिथे रोज संध्याकाळी जाते. ब्रेक दाबला की मागचं चाक घसरतं, सोडला की वेग आवरत नाही. वर्गातली मुलं सांगतात, पुढच्या ब्रेकला हातच लावायचा नाही. हे खरं आहे का?

गंगापूर रोडचा दादा

नाही, हे मनातून काढून टाक. उतारावर ब्रेक लावला की बराचसा भार पुढच्या चाकावर येतो. मागचं चाक हलकं होतं, म्हणून ते लगेच घसरतं. सायकल थांबवायचं खरं काम पुढचाच ब्रेक करतो. तो एका बोटाने, हळूहळू दाबायचा. झटक्यात आवळलास तर पुढचं चाक निसटेल.

आता वळण. तू पडलीस ती बहुतेक वळणात ब्रेक धरून. वेग वळणाच्या आधी, सरळ भागात कमी करायचा आणि वळताना दोन्ही ब्रेक सैल सोडायचे. मुरमावर टायरला जेमतेम पकड असते. ती वळायला वापर, थांबायला नको.

उतारावर सीटवर बसायचं नाही. पॅडल आडवे ठेवून उभी राहा, कोपरं वाकलेली, कंबर सीटच्या मागे. नजर चाकासमोर नको, वळणापलीकडे. सीट चार बोटं खाली घे म्हणजे मागे सरकता येईल.

आणि पुढचा ब्रेक कोणत्या हातात आहे ते आधी बघ. आपल्याकडे बहुधा उजव्या हातात असतो, पण सायकल दुसऱ्याची आहे. चाक उचलून, फिरवून, दाबून बघ.

पंचवटीतला सायकल दुरुस्तीवाला

बेटा, टायरमध्ये हवा किती आहे ते कुणी विचारलंच नाही. पंक्चरवाला अंगठ्याने दाबून पन्नासच्या वर भरून देतो. तेवढा कडक टायर मुरमावर गोट्यांवर चालल्यासारखा घसरतो. तुझं वजन पंचेचाळीसच्या आसपास असेल तर मागे ३० आणि पुढे २८ पीएसआय (हवेच्या दाबाचं माप) ठेव. ट्यूबला मोटरसायकलसारखा जाड व्हॉल्व्ह असेल तर पेट्रोल पंपावर मीटर लावून भरून मिळते. मात्र २५ च्या खाली जाऊ नको. ट्यूब दगड आणि रिममध्ये चिमटली जाते आणि शेजारी शेजारी दोन भोकं पडतात.

दुसरं, चेनला तेल घालताना डिस्कवर थेंब उडू देऊ नको. ब्रेक पॅडला तेल लागलं की ब्रेक गेलाच समज. स्प्रे मारण्यापेक्षा एकेका कडीवर थेंब सोड आणि वरचं तेल फडक्याने पूस.

सिडकोतली आई, पूर्वी सायकल शर्यतीत उतरणारी

दादाचं बाकी सगळं पटलं, सीटचं नाही. तीन फेऱ्यांमध्ये चढ तीन वेळा येतो. सीट चार बोटं खाली घेतली तर चढावर गुडघे भरून येतील, आणि चढ हीच तुझी ताकद आहे. दोन बोटंच उतरव आणि आजपासून त्याच उंचीवर सराव कर.

बाबांना माझा नमस्कार सांग. ते रविवारी नेतात हे मोठं आहे. आपल्या नाशिकला लांब पल्ल्याचं प्रेम आहेच. डॉ. हितेंद्र आणि डॉ. महेंद्र महाजन या भावांनी २०१५ साली रेस अक्रॉस अमेरिका, म्हणजे अख्खी अमेरिका आडवी पार करायची सायकल शर्यत, पूर्ण केली, तेव्हापासून तर घराघरात सायकल आली. पण डांबरी रस्त्यावर कितीही किलोमीटर झाले तरी हात मुरूम शिकत नाहीत. अख्खा उतार रोज एकदा उतरू नको. शेवटचे वीस मीटर घे आणि दहा वेळा उतर. जमलं की दहा मीटर वरून. वळण सगळ्यात शेवटी. एकटी जाऊ नको, हेल्मेटशिवाय तर नाहीच.

शर्यतीच्या आदल्या दिवशी मार्ग खुला करतात, तेव्हा तो आधी पायी फिर. सुटल्यावर वाट कुठे अरुंद होते ते पाहून ठेव. पुढची उतरून चालू लागली की मागच्या सगळ्यांना उतरावं लागतं, म्हणून त्या जागेआधी पुढे घुस.

नववीतली, म्हसरूळ (आठ दिवसांनी)

काका, हवा ५२ होती! आता ३० आणि २८. पहिल्याच दिवशी फरक कळला. पुढचा ब्रेक डाव्या हातात निघाला, म्हणजे इतके दिवस मी पुढचा समजून मागचाच आवळत होते. मामेभाऊ म्हणाला, त्याने मुद्दाम बदलून घेतले होते. मी दुकानात जाऊन उजवीकडे करून घेतले.

ताई, सीट दोन बोटं उतरवली आणि दांड्यावर चिकटपट्टीची खूण केली. वीस मीटरपासून आता पन्नासपर्यंत आले आहे. काल एकदा घसरले, पण पाय टेकवून सावरले. वळण अजून घेतलेलं नाही. उद्या बाबा कामावरून लवकर येऊन वळणाच्या पलीकडे उभे राहणार आहेत, मी नजर त्यांच्यावर ठेवणार.