मदत हवी आहे: सेल्टा कोर्सला सहा आठवडे उरलेत, मराठीतून शिकवायची सवय कशी मोडू?

नमस्कार मंडळी,

मी सातारा जिल्ह्यातल्या एका अनुदानित मराठी माध्यमाच्या शाळेत आठवी ते दहावीला इंग्रजी शिकवते. सोळा वर्षं झाली. यंदा मेच्या सुट्टीत सेल्टाचा पूर्णवेळ ऑनलाइन कोर्स करायचं ठरवलं आहे. मुलाखत झाली, प्रवेश मिळाला, शिक्षक पतपेढीचं कर्ज काढून फीही भरली. आता सहा आठवडे हातात आहेत. त्यातले तीन तरी बोर्डाचे पेपर, वार्षिक परीक्षा आणि १ मेचा निकाल यांतच जाणार. उरलेल्या वेळात नेमकं काय करू, हे इथल्या कोणी सांगितलं तर फार मदत होईल.

ज्यांनी नाव ऐकलं नसेल त्यांच्यासाठी: सेल्टा हे केंब्रिजचं, इंग्रजी शिकवणाऱ्यांसाठीचं प्रमाणपत्र आहे. कोर्स किमान १२० तासांचा. त्यात सहा तास आपण खऱ्या, प्रौढ विद्यार्थ्यांना शिकवायचं, तेही दोन वेगवेगळ्या पातळ्यांच्या वर्गांना, आणि त्या वेळी प्रशिक्षक व सोबतचे प्रशिक्षणार्थी बघत असतात. आणखी सहा तास अनुभवी शिक्षकांचे वर्ग पाहायचे. साडेसातशे ते हजार शब्दांच्या चार लेखी असाइनमेंट. शेवटी परीक्षा अशी नाही, महिनाभराच्या कामावरच पास, पास बी, पास ए किंवा नापास ठरतं. आमचे वर्ग दुपारी साडेबारा ते रात्री साडेआठ आहेत आणि त्यानंतर दुसऱ्या दिवसाच्या पाठाचं टाचण.

हे सगळं का करते आहे तेही सांगते. चार वर्षांपूर्वी माझ्याकडून दहावी झालेला एक मुलगा दिवाळीत भेटायला आला. बोर्डात इंग्रजीत ७८ गुण होते त्याला. पुण्यात एका ठिकाणी मुलाखतीला गेला होता. म्हणाला, "मॅडम, प्रश्न सगळे समजले. उत्तर मनात मराठीत तयार होतं. ते इंग्रजीत येईपर्यंत त्यांनी पुढचा प्रश्न विचारला." त्याच्या बोलण्यात तक्रार नव्हती. पण मी त्याला तीन वर्षं शिकवलं होतं, आणि त्या तीन वर्षांत तो माझ्या वर्गात इंग्रजीतून स्वतःचं असं एक वाक्य तरी बोलला होता का, हे मला आठवेना. धडा वाचायचा, मराठीत अर्थ सांगायचा, प्रश्नोत्तरं फळ्यावर लिहून द्यायची. साठ मुलांच्या वर्गात मी हेच करत आले.

आता मूळ अडचण. मुलाखतीत मला विचारलं, "'मस्ट' आणि 'हॅव टू' यांतला फरक कसा शिकवाल?" मी सुरुवात केली की मराठीत आपण दोन्हीला 'पाहिजे' किंवा 'लागतं' म्हणतो, म्हणून आधी मराठी वाक्यं घेऊन... तेवढ्यात त्या बाई अगदी शांतपणे म्हणाल्या, "तुमच्या वर्गात एक जण तुर्कस्तानचा आहे, एक ब्राझीलची, एक जपानची. आता सांगा." मला पुढे बोलताच आलं नाही. प्रवेश दिला त्यांनी, पण ई-मेलमध्ये स्पष्ट लिहिलं होतं की अर्थ समजला की नाही हे तपासण्याच्या पद्धतीवर आधीपासून काम करा.

म्हणून गेल्या रविवारी घरीच एक तास घेऊन पाहिला. जाऊबाई, त्यांची मैत्रीण आणि समोरच्या मेडिकलमध्ये काम करणारा मुलगा असे तिघं विद्यार्थी. विषय 'यूज्ड टू'. मराठी अजिबात बोलायचं नाही असं ठरवलं आणि मोबाइलवर रेकॉर्डिंग लावलं. रात्री घड्याळ घेऊन ऐकलं. वीस मिनिटांच्या तासात सोळा मिनिटं मीच बोलत होते. पाच वेळा "डू यू अंडरस्टँड?" विचारलं आणि पाचही वेळा तिघांनी "येस" म्हटलं. मग त्या मुलाला वाक्य करायला सांगितलं, तर त्याने सांगितलं, "आय यूज्ड टू ओपन शॉप एव्हरी मॉर्निंग." तो अजूनही रोज सकाळी दुकान उघडतो. म्हणजे 'पूर्वी होतं, आता नाही' हा मुद्दाच पोचला नव्हता, आणि मला ते वीस मिनिटं कळलंही नव्हतं.

प्रेझेंट परफेक्टचं तर आणखी अवघड वाटतं. आजवर मी 'पूर्ण वर्तमानकाळ' म्हणून 'आलो आहे, खाल्लं आहे' असं शिकवत आले. पण मराठीत आपण "मी कालच आलोय" सहज म्हणतो. मग मुलं "आय हॅव कम यस्टर्डे" लिहितात, आणि मी तांबड्या पेनाने 'हॅव' खोडते. का खोडलं, हे मात्र त्यांना कधी नीट सांगता आलं नाही.

तेव्हा, कोर्सआधी व्याकरण किती आणि कसं करावं? उच्चारांच्या ४४ चिन्हांचा तक्ता पाठ हवा का? माझे स्वतःचे 'व'चे उच्चार कच्चे आहेत. आणि मुख्य म्हणजे, शाळेतली सोळा वर्षांची सवय आड येईल का? आमच्या गटात बहुतेक जण पहिल्यांदाच शिकवणारे आहेत.

घरचं म्हणाल तर सासूबाईंनी आताच सांगून टाकलंय, "महिनाभर स्वयंपाकघराकडे फिरकू नकोस." चिंता आहे ती लाईटची. आमच्याकडे दर मंगळवारी देखभालीसाठी दुपारी जाते.

---

खिडकीतला_पाऊस:

ताई, अभिनंदन. मी २०१९मध्ये बँकॉकला चार आठवड्यांचा केला, सध्या हनोईत प्रौढांना शिकवते.

तुम्ही रेकॉर्डिंग करून मिनिटं मोजलीत ना, तिथेच तुमची तयारी सुरू झाली. आता 'समजलं का?' हा प्रश्न आजपासून बंद करा. त्याजागी त्या रचनेचा अर्थ फोडून छोटे प्रश्न करायचे. तुमचंच उदाहरण घेऊ. फळ्यावर वाक्य आहे, "आय यूज्ड टू लिव्ह इन वाई." मग इंग्रजीतून विचारायचं: पूर्वी मी वाईत राहत होते का? हो. आता राहते का? नाही. एखादा दिवस राहिले की बरीच वर्षं? बरीच वर्षं. एवढंच. उत्तर एकदोन शब्दांत आलं पाहिजे आणि प्रश्नात 'यूज्ड टू' येता कामा नये, कारण जे तपासायचंय तेच वापरून तपासता येत नाही. मेडिकलवाल्या मुलाला "तू आता दुकान उघडतोस का?" एवढं विचारलं असतं तरी चूक त्याची त्यालाच दिसली असती.

असे प्रश्न वर्गात उभ्या उभ्या सुचत नाहीत. मी वहीत बारा रचना लिहिल्या होत्या: काळ, 'मस्ट', 'शुड हॅव', 'विश', अटींची वाक्यं, वगैरे. रोज एक घ्यायची. अर्थ एका ओळीत, रूप (होकार, नकार, प्रश्न), उच्चार, आणि विद्यार्थी कुठे अडखळतील ते. पाठाच्या टाचणात तुम्हाला हेच भरायचं असतं. 'यूज्ड टू'मध्येच बघा, नकारात 'डिडन्ट यूज टू' होतं, 'यूज'चा 'डी' जातो. आणि बोलताना तो 'यूज्ड टू' नसतोच, 'यूस्ट' होऊन पुढचा 'टू' अगदी पुसट येतो. हे मला कोर्सच्या तिसऱ्या दिवशी कळलं आणि त्या दिवशीचा पाठ फसला होता.

केंद्राकडून कोर्सआधीचा सराव-संच येईल. तो पूर्ण सोडवा, वेळ नाही म्हणून नुसता चाळू नका.

सवयीबद्दल: आमच्या गटात वीस वर्षं शिकवलेले एक सर होते. पहिला आठवडा त्यांना जड गेला. पण प्रशिक्षक तुमचा पाठ निर्दोष आहे का हे बघत नाहीत, काल सांगितलेलं आज केलं का हे बघतात. प्रत्येक पाठानंतरच्या चर्चेतले दोन मुद्दे लिहून ठेवा आणि पुढच्या टाचणाच्या डोक्यावर तेच लिहा. असाइनमेंट पहिल्यांदा परत आली तर घाबरू नका, प्रत्येक असाइनमेंट एकदा सुधारून देता येते. माझ्या दोन परत आल्या होत्या.

---

मूर्धन्य:

उच्चारांबद्दल लिहितो. ४४ चिन्हं पाठ करायची गरज नाही, ओळखता आली की पुरे. पण तुमच्याकडे एक मोठी शिदोरी आहे. कंठ्य, तालव्य, मूर्धन्य, दंत्य, ओष्ठ्य हे आपण शाळेत शिकतो. आवाज तोंडात कुठे तयार होतो या क्रमानेच आपली वर्णमाला लावलेली आहे, आणि तो तक्ताही याच विचाराने मांडलेला असतो. इंग्रजी 'टी' आपल्या 'त' आणि 'ट' यांच्या मधल्या जागी, दातांमागच्या हिरडीवर होतो, हे तुम्हाला एका मिनिटात समजेल.

'व'चं म्हणाल तर मराठी लेखनाने ते काम अर्धं करून ठेवलंय. आपण 'व्हॅन', 'व्हिडिओ' असं लिहितो आणि 'वॉटर', 'वॉर्ड' असं. म्हणजे फरक डोळ्यांना माहीत आहे, तोंडाला शिकवायचा आहे. 'व्ह'ला वरचे दात खालच्या ओठाला टेकवा, 'वॉ'ला ओठ शीळ घालताना करतो तसे गोल करा. आरशासमोर 'व्हेरी वेल' रोज पन्नासदा म्हणा, महिन्यात बसेल. 'ॲ' आणि 'ऑ'लाही आपल्याकडे अक्षरं आहेत. सगळ्यात जास्त लक्ष शब्दातल्या आघाताकडे द्या. मराठीत आघात बदलला म्हणून शब्दाचा अर्थ बदलत नाही, त्यामुळे आपल्या कानाला त्याची सवय नाही. इंग्रजीत 'रेकॉर्ड' नाम असताना जोर आधी, क्रियापद असताना नंतर.

---

सह्यकडा:

मी बी.एड. कॉलेजात शिकवतो. एक गोष्ट मनापासून सांगावीशी वाटते: मराठी वापरलीत म्हणजे सोळा वर्षं चुकीचं केलंत, असं मनात घेऊन कोर्सला बसू नका.

फक्त इंग्रजीतून शिकवायची सेल्टाची पद्धत जिथे वाढली ते वर्ग डोळ्यांसमोर आणा. जॉन हेक्राफ्ट यांनी १९६२मध्ये लंडनमध्ये शिक्षकांसाठी असा छोटा, सघन कोर्स सुरू केला, आजच्या सेल्टाचं मूळ तिथे सापडतं. त्या वर्गांत दहा देशांचे लोक एकत्र बसायचे. सगळ्यांना समान अशी दुसरी भाषाच नव्हती, म्हणून चित्रं, हावभाव, प्रश्न यांतून अर्थ पोचवणं भाग होतं. तुमच्या वर्गात साठही मुलांना मराठी येते, हा फरक खरा आहे. कोर्सच्या महिन्यात त्यांच्या पद्धतीने पूर्णपणे शिकवा. जूनमध्ये शाळेत परत आल्यावर कुठे मराठीचं एक वाक्य दहा मिनिटं वाचवतं आणि कुठे ते मुलांच्या तोंडचं इंग्रजी हिरावून घेतं, हे तुम्हाला आपोआप दिसू लागेल.

आणि मोठ्या वर्गात हे जमत नाही असं कोणी म्हणालं तर एन. एस. प्रभू यांचा बंगळुरू प्रकल्प सांगा. १९७९ ते १९८४, दक्षिण भारतातल्या साध्या शाळा. नियम समजावण्याऐवजी मुलांना रेल्वेचं वेळापत्रक, नकाशा अशा गोष्टी देऊन त्यावरचे प्रश्न सोडवायला लावायचे आणि भाषा त्यातून येऊ द्यायची. तुमच्या एसटी स्टँडवरचं वेळापत्रक फोटो काढून आणलंत तरी आठवीचा एक तास उभा राहतो.

---

वायरमन_नाही_पण:

लाईटसाठी: राउटरला लावायचा छोटा यूपीएस मिळतो, तो घ्या. लॅपटॉप पूर्ण चार्ज ठेवा आणि मोबाइलचा हॉटस्पॉट दुसऱ्या कंपनीच्या सिमवर तयार ठेवा. मंगळवारचं केंद्राला पहिल्या दिवशीच सांगा, पाठ शक्यतो दुसऱ्या वारी लावून घेता येतो का विचारा.

---

धागालेखिका:

सगळ्यांचे मनापासून आभार. प्रतिसाद काल रात्री जाऊबाईंना वाचून दाखवले आणि आज सकाळी त्याच तिघांना पुन्हा बसवलं. या वेळी आधी कागदावर पाचच प्रश्न लिहून घेतले. मेडिकलमधल्या मुलाला त्याचंच जुनं वाक्य परत दिलं आणि विचारलं, "डू यू ओपन द शॉप नाऊ?" तो "येस" म्हणाला, थांबला, मान हलवली आणि स्वतःहून म्हणाला, "नो मॅडम, राँग. आय यूज्ड टू वर्क इन हॉटेल." मला माहीतही नव्हतं की तो आधी हॉटेलात कामाला होता. रेकॉर्डिंग ऐकलं. या वेळी माझी अकरा मिनिटं.

सह्यकडा, तुमचं पहिलं वाक्य दोनदा वाचलं. एसटीच्या वेळापत्रकाचा फोटो उद्याच काढते.

आता एकच विचारायचं राहिलं. 'फोकस ऑन द लर्नर' या असाइनमेंटमध्ये एका विद्यार्थ्याचं बोलणं ऐकून त्याच्या चुकांचं विश्लेषण करायचं असतं ना? ऑनलाइन वर्गात ते कसं टिपून घेता? बोलताना लिहीत राहिलं तर त्याच्याकडे लक्ष राहत नाही, आणि नंतर नेमके शब्द आठवत नाहीत.