नवखा की नवशिका?

शंकासुर: आम्ही एका मुक्त-स्रोत प्रकल्पाचं (ज्याचा कोड कुणीही बघू, बदलू शकतो) मराठीकरण करतोय. कामांच्या यादीत ‘गुड फर्स्ट इश्यू’, म्हणजे पहिल्यांदा येणाऱ्याने उचलावं असं काम, असं लेबल असतं. कुणीतरी त्याचं ‘नवशिक्यांसाठी सोपे काम’ केलं. मला ते खटकतंय, पण का ते सांगता येत नाहीये. ‘नवोदितांसाठी’ चालेल का?

घाटवाट: नवोदित नको, लगेच कविसंमेलनाचा मांडव दिसायला लागतो. ‘होतकरू’ म्हणाल तर त्याच्या आधी ‘गरीब व’ आपोआप ऐकू येतं.

खटकतंय ते बरोबर आहे. नवशिक्याला विद्या नवी असते, नवख्याला जागा. नवशिका ड्रायव्हर क्लच सोडताना गाडी बंद पाडतो. वरंध घाटाला नवखा असलेला ड्रायव्हर वीस वर्षं ट्रक चालवत असेल, पण पुढचं वळण कसं आहे ते त्याला ठाऊक नसतं. म्हणून तर नवख्याला ‘ला’ लागतो: घाटाला नवखा, गावाला नवखा. शिवाय ‘हे काम मला नवखं आहे’ असं उलटूनही म्हणता येतं. काम नवशिकं कधी ऐकलंय?

प्रकल्पात पहिल्यांदा येणारा बऱ्याचदा नवखा असतो. दहा वर्षं पायथनमध्ये कोड लिहिणारा माणूसही इथे अडतो: बिल्ड कसं करायचं (म्हणजे कोडपासून चालणारा प्रोग्राम कसा बनवायचा), टेस्ट कुठल्या कमांडने चालतात, बदल पुल रिक्वेस्टने (‘माझा बदल घ्या’ अशी साइटवरची विनंती) द्यायचा की लिनक्स कर्नलसारखा ईमेलने पाठवायचा.

शंकासुर: पण कॉलेजची मुलंही येतात की. ती नवशिकीच.

घाटवाट: नवशिकी आणि नवखी, दोन्ही. नवख्यासाठी वाट नीट लिहून ठेवली तर नवशिक्यालाही ती उपयोगी पडते. उलट होत नाही. रीडमीतली (प्रकल्पाच्या माहितीच्या फाइलीतली) स्पेलिंगची चूक दुरुस्त करणं सोपं, पण ते केल्याने प्रकल्पाची ओळख होत नाही. 2020 च्या हॅक्टोबरफेस्टमध्ये (ऑक्टोबरभर मुक्त-स्रोत प्रकल्पांना हातभार लावायचा उपक्रम) बक्षिसाच्या टी-शर्टासाठी रीडमीत एखादा शब्द घुसडणाऱ्या पुल रिक्वेस्टींचा असा पाऊस पडला, की ऑक्टोबर चालू असतानाच नियम बदलावा लागला: ज्या प्रकल्पांनी स्वतःहून होकार दिलाय, तेवढेच धरायचे.

ठिगळ: माझा आक्षेप ‘सोपे’ला आहे. नोकरीत सहा वर्षं कोड लिहून झाल्यावर मी एका प्रकल्पातलं ‘सोपं’ म्हणून दिलेलं काम उचललं. तीन संध्याकाळी नुसतं बिल्ड चालू करण्यात गेल्या. विचारायची लाज वाटली, कारण सोपं आहे असं वर लिहिलेलं! शेवटी गुपचूप सोडून दिलं. ‘अवघड’ लिहिलं असतं तर पहिल्याच दिवशी विचारलं असतं.

विकिपीडिया चालवणाऱ्या विकिमीडियाच्या फॅब्रिकेटरवर, म्हणजे कामांची यादी ठेवायच्या साइटवर, आधी ‘ईझी’ असा टॅग होता, तो पुढे ‘गुड फर्स्ट टास्क’ झाला. मला तो बदल पटतो. सोपं कुणाला, हे लिहिणाऱ्याला कुठून कळणार? लिब्रेऑफिसवाले (ऑफिसच्या कामांचं मुक्त-स्रोत सॉफ्टवेअर) अजून ‘ईझी हॅक’च म्हणतात, पण त्यांची रीत चांगली आहे: कोडमध्ये कुठे बघायचं ते कामातच लिहितात, आणि काठिण्याचा टॅग वेगळा लावतात. लिनक्सचा डेस्कटॉप बनवणाऱ्या गनोमने ‘गनोम लव्ह’ हे नाव सोडून ‘न्यूकमर्स’ घेतलं. न्यूकमर म्हणजे तुमचा नवखाच.

शंकासुर: मग ‘नवख्यांसाठी राखीव’? जुन्याजाणत्यांनी ही कामं चटकन उरकून टाकू नयेत, असंही त्यात आहे ना.

घाटवाट: ते आहेच. पण ‘राखीव’ वाचलं की एसटीतली सीट आठवते, आणि चर्चा भलतीकडे जाईल. नुसतं ‘नवख्यांसाठी’ पुरे. नवखा, नवखी सगळे त्यात मावतात, आणि लेबलही लांबत नाही.

ठिगळ: ‘श्रीगणेशा’ कसं वाटतं? मराठीत पहिल्या कामाला इतका नेमका शब्द दुसरा नाही.

घाटवाट: गोड आहे, पण तो माणसाच्या शिक्षणाचा आरंभ. परत नवशिक्यावरच आलो.

शंकासुर: ‘नवख्यांसाठी’ लावलं. त्या निमित्ताने लेबलाखालची अकरा कामं उघडून बघितली. सातांमध्ये कुठल्या फाइलीत बघायचं याचा पत्ता नाही, आणि दोन कामं मलाच कळली नाहीत. सध्या त्या सातांमध्ये फाइलींची नावं भरत बसलोय.