१९७२ शेव्हेल, ४५४ इंजिन, ५२० एचपी : कॅट (कॅटॅलिटिक कन्व्हर्टर) कुठला घ्यावा आणि कुठे बसवावा?

शेव्हेल_डॅलस :

नमस्कार मंडळी. गाडी १९७२ची शेव्हर्ले शेव्हेल, मुक्काम डॅलस. इंजिन ४५४ बिग-ब्लॉक (७.४ लिटर), फ्लायव्हीलवर साधारण ५२० एचपी. कॅम (व्हॉल्व्ह उघडणारा दांडा) हायड्रॉलिक फ्लॅट टॅपेट, ०.०५० इंच लिफ्टवर २३६/२४२ अंश, लोब सेपरेशन ११० अंश. कार्ब्युरेटर काढून थ्रॉटल बॉडी ईएफआय (इलेक्ट्रॉनिक इंधन इंजेक्शन) बसवलंय, वाइडबँड (धुरातल्या ऑक्सिजनवरून मिश्रण मोजणारा) सेन्सर डाव्या कलेक्टरमध्ये, म्हणजे त्या बाजूच्या हेडरच्या नळ्या एकत्र येतात तिथे. लाँग-ट्यूब हेडर, पुढे ३ इंची डबल एक्झॉस्ट, मध्ये दोन्ही पाइप जोडणारा एक्स-पाइप. ऑटोमॅटिक गिअरबॉक्स. रेव्ह लिमिटर ६००० आरपीएमला, स्पार्क कट.

टेक्ससमध्ये एवढ्या जुन्या गाडीला एमिशन टेस्ट नाही, आणि कंपनीतून निघताना हिला कॅट (धुरातले घातक वायू जाळणारी जाळी) नव्हताच. म्हणजे सक्ती कुणाची नाही. पण आयडलला मागे उभं राहिलं की डोळे चुरचुरतात, कपड्यांना वास लागतो, आणि गॅरेज घराला जोडून असल्यामुळे सकाळी दार उघडलं की स्वयंपाकघरापर्यंत पेट्रोल घमघमतं. घरचे कावलेत.

डोळ्यांसमोर दोन पर्याय आहेत. एक, २०० सेलचा (जाळीच्या दर चौरस इंचात २०० भोकं) मेटॅलिक, ४ इंची गोल बॉडी, डब्यावर भलामोठा सीएफएम (मिनिटाला किती घनफूट हवा जाते) आकडा. दुसरा, ४०० सेलचा सिरॅमिक. पॉवर किती जाईल? कलेक्टरपासून किती अंतरावर लावू? सध्या मिश्रण (हवा-पेट्रोल गुणोत्तर) आयडलला १३.२, क्रूझला १३.८, फुल थ्रॉटलला १२.६.

---

लॅम्डा_एक :

कॅटचं नंतर बघू. आधी त्या १३.२चं बघा.

थ्री-वे कॅटला सीओ (कार्बन मोनॉक्साइड) आणि हायड्रोकार्बन जाळायला ऑक्सिजन लागतो. १३.२ म्हणजे लॅम्डा ०.९ (आदर्श मिश्रण म्हणजे १; त्याखाली पेट्रोल जास्त म्हणजे रिच, वर लीन), तिथे धुरात सीओ ३ टक्क्यांच्या आसपास असतो आणि मोकळा ऑक्सिजन जवळपास नसतो. अशा मिश्रणावर जगातला सगळ्यात महाग कॅटही निव्वळ नळी आहे. वास तसाच राहील, वर पेट्रोलमधलं गंधक जाळीत साठून रिच मिश्रणात हायड्रोजन सल्फाइड होऊन निघेल. म्हणजे पेट्रोलच्या वासाच्या जोडीला सडकी अंडी.

आता तुमच्या कॅमची खोडी. २३६/२४२ आणि ११० म्हणजे ओव्हरलॅप (इनटेक आणि एक्झॉस्ट व्हॉल्व्ह एकाच वेळी उघडे असण्याचा काळ) भरपूर. आयडलला थोडं न जळलेलं मिश्रण थेट एक्झॉस्टमध्ये सटकतं, त्यातलं पेट्रोलही जातं आणि ऑक्सिजनही. वाइडबँडला तो ऑक्सिजन दिसतो, त्याला वाटतं मिश्रण लीन आहे, ईसीयू (इंजिनाचा संगणक) आणखी पेट्रोल ओततो. प्रत्यक्षात सिलिंडर रिचच असतो. म्हणून आयडलला, ९०० आरपीएमच्या खाली, क्लोज्ड लूप करेक्शन (सेन्सर बघून ईसीयू करतो ती दुरुस्ती) २-३ टक्क्यांवर बांधून टाका किंवा बंदच करा, आणि फ्युएल टेबल हाताने लावा. ठिणगीचं टायमिंग १८ ते २२ अंश द्या, आयडल ८५०-९०० ठेवा, मग पेट्रोल थोडं-थोडं कमी करत जा. गाडी हुंदके द्यायला लागली की एक पायरी मागे. या कॅमला १४.० ते १४.३ जमायला हरकत नाही.

क्रूझला सरळ लॅम्डा १.० ठेवा. डॅलसच्या पंपावर मिळणाऱ्या पेट्रोलमध्ये १० टक्के इथेनॉल असतं, त्याचं खरं गुणोत्तर १४.१ च्या आसपास येतं. पण गेज लॅम्डा मोजून पेट्रोलच्या पट्टीवर दाखवतो, त्यामुळे पडद्यावर १४.७ म्हणजेच लॅम्डा १. १४.१चं टार्गेट घालायचा शहाणपणा करू नका. फुल थ्रॉटलचं १२.६ ठीक आहे, हात लावू नका. तिथे ऑक्सिजनच नसल्यामुळे कॅट फार तापत नाही.

आणि तो स्पार्क कट आजच काढा. ठिणगी बंद, इंजेक्टर चालू, म्हणजे ताजं पेट्रोल आणि हवा थेट लाल तापलेल्या जाळीवर. कॅट मारायचा याहून झटपट मार्ग नाही. लिमिटर फ्युएल कटवर न्या. तुमच्या युनिटला ती सोय नसेल तर ५६००लाच पाय उचलायची सवय लावा.

---

नळीवाला :

वरच्याशी सहमत. मी लोखंडाचं बोलतो.

डब्यावरचा सीएफएम आकडा सोडून द्या. कुणी १० इंच पाण्याच्या दाबफरकावर मोजतं, कुणी २८ वर, आणि दुसरा आकडा पहिल्याच्या १.६७ पट येतो. तोच कॅट, आकडा दीडपटीहून मोठा. किती दाबावर मोजलं ते लिहिलेलं नसेल तर तो आकडा निव्वळ सजावट.

तुमचा हिशेब करू. ढोबळ नियम : दर एचपीला २.२ सीएफएम एक्झॉस्ट, आणि पाइपाच्या आतल्या दर चौरस इंचातून ११५ सीएफएम. ५२० एचपीला ११४४, म्हणजे एका बाजूला ५७२. १६ गेजच्या ३ इंची पाइपाचं आतलं क्षेत्रफळ ६.४७ चौ. इंच, त्यातून ७४४ जातं. भरपूर आहे. अडीच इंचीतून ५०७च, म्हणून ३ इंच घेतलात ते बरोबर.

४०० सेलच्या सिरॅमिकमध्ये (भिंत साडेसहा थाउ, म्हणजे ०.००६५ इंच) समोरचं मोकळं क्षेत्रफळ ७६ टक्के असतं. मेटॅलिकचा पत्रा ०.०५ मिलिमीटरचा, त्यामुळे २०० सेलमध्ये ते ९० टक्क्यांच्या वर जातं. फरक दिसायला मोठा. पण जाळीचा व्यास पाइपापेक्षा मोठा घेतलात की हा प्रश्नच मिटतो. ५ इंच व्यासाचं क्षेत्रफळ १९.६ चौ. इंच, त्याचे ७६ टक्के म्हणजे जवळपास १५. पाइपाच्या दुपटीहून जास्त. ४ इंची बॉडीत मात्र १२.६ पैकी ९.५ उरतं, आणि बारीक भोकांतलं घर्षण वेगळं.

पॉवरपेक्षा मला आकारमानाची काळजी जास्त आहे. ४ इंच व्यास, ४ इंच लांबीची जाळी म्हणजे ०.८२ लिटर. दोन मिळून १.६५ लिटर, ७.४ लिटरच्या इंजिनाला. कंपन्या साधारण इंजिनाच्या आसपास आकारमान देतात. एवढ्याशा जाळीतून धूर इतक्या वेगाने पळतो की रासायनिक क्रियेला सवडच मिळत नाही, त्यातून २०० सेल म्हणजे पृष्ठभागही कमी. ५ इंच बाय ५ इंच घेतलं तर प्रत्येकी १.६ लिटर. तरी कमीच, पण वासाचं काम भागेल.

म्हणून माझं मत : ३०० सेल मेटॅलिक, ५ इंची व्यास, निदान ४ इंच लांब जाळी. सिरॅमिक वाईट नाही, स्वस्तही आहे. पण जाळीभोवतीची मॅट गरम झाल्यावर फुगून तिला धरून ठेवते, ती गॅसने झिजली की वीट आत खडखडते आणि तुकडे मागच्या सायलेन्सरमध्ये जाऊन बसतात. मेटॅलिकची जाळी कवचालाच ब्रेझ केलेली असते.

जागा : लाँग-ट्यूबमध्ये धूर आधीच ८०-९० सेंटिमीटर चालून येतो, त्यामुळे कलेक्टरच्या टोकापासून ३० ते ४५ सेंटिमीटरवर लावा. कॅट पेट घ्यायला २५०-३०० अंश सेल्सिअस लागतात, फार मागे नेलात तर आयडलला विझून बसेल. बेंड संपल्यावर लगेच कॅट नको, आधी १० सेंटिमीटर तरी सरळ नळी हवी. नाहीतर धूर जाळीच्या एकाच कडेवर आदळतो, तेवढाच भाग जळतो आणि बाकीचा कोराच राहतो. एक्स-पाइप कॅटच्या मागे.

माप घेताना गाडी चाकांवर उभी असू द्या. लिफ्टवर चाकं लोंबकळत असताना ५ इंची बॉडी मस्त बसल्यासारखी वाटते, मग पहिल्याच स्पीड ब्रेकरला खरचटते. कॅट क्रॉसमेंबरच्या कमानीत येऊ देऊ नका. दोन्ही टोकांना व्ही-बँड क्लॅम्प लावा, म्हणजे पुढे उघडून बघता येईल. पुढे-मागे एकेक हँगर, वजन हेडरवर टांगू नका. फ्लोअर आणि कॅट यांच्यात पत्र्याची शील्ड, दोन्हीकडे निदान १२ मिलिमीटर मोकळी जागा ठेवा. पेट्रोलची लाइन आणि गिअरबॉक्स कूलरच्या नळ्या आधी लांब सरकवा. आणि उन्हाळ्यात वाळलेल्या गवतावर गाडी उभी करायची नाही. टेक्ससमध्ये हे वेगळं सांगायला नको.

---

तेलकट_हात :

दोन गोष्टी राहिल्यात.

एक, तुमचा कॅम फ्लॅट टॅपेट आहे. त्याला झिंक-फॉस्फरसवालं तेल लागतं, नाहीतर लोब (कॅमचा उंचवटा) घासून सपाट होतो. पण जळलेल्या तेलातला फॉस्फरस जाळीवर काचेसारखा थर धरतो आणि तो निघत नाही. आजकालच्या गाड्यांच्या ०डब्ल्यू-२०, ५डब्ल्यू-३० तेलात फॉस्फरस ८०० पीपीएमपर्यंतच ठेवतात तो याच कारणाने. जुन्या इंजिनांच्या तेलात १२०० च्या पुढे असतो. दोघांना खूश करता येणार नाही. कॅम वाचवा, तेल तेच ठेवा, मात्र इंजिन तेल पीत असेल तर आधी व्हॉल्व्ह सील आणि पीसीव्ही (क्रँककेसमधली वाफ इनटेकला नेणारा व्हॉल्व्ह) बघा. पुढे कधी कॅम बदलायची वेळ आली तर रोलर घ्या, हा तिढाच सुटेल. गॅस्केटला सिलिकॉन लावाल तो 'सेन्सर सेफ'च.

दोन, सकाळचा गॅरेजमधला वास कॅटने जाणार नाही! इंजिन बंद असताना एक्झॉस्टमधून काही येत नसतं. तो वास टाकीचा. १९७१पासून अमेरिकेत सगळीकडे (कॅलिफोर्नियात १९७०पासून) नव्या गाड्यांना टाकीची वाफ धरणारा कोळशाचा डबा असायचा, तुमच्या शेव्हेललाही होता. ईएफआय बसवताना बहुधा नवी टाकी आली, तिचा व्हेंट उघडाच सोडला आणि डबा अडगळीत गेला. व्हेंटपासून रोल-ओव्हर व्हॉल्व्हमार्गे डबा, आणि डब्यापासून इनटेकला पर्ज लाइन (साठलेली वाफ इंजिनात ओढणारी). पर्ज आयडलला बंद, क्रूझला चालू. इंधनाचे रबरी होजही बघा. साध्या होजमधून इथेनॉलवालं पेट्रोल पाझरतं, आतून बॅरिअरचा थर असलेला हवा.

कॅलिफोर्नियातून कुणी वाचत असेल तर : १९७५ आणि त्याआधीच्या गाड्यांना स्मॉग चेक (एमिशन टेस्ट) माफ आहे, पण म्हणून बिन-ईओ नंबरचा (राज्याच्या मंजुरीचा क्रमांक नसलेला) कॅट तिथे विकता-बसवता येतो असं नाही.

---

शेव्हेल_डॅलस :

कोळशाचा डबा खरंच नाही, व्हेंटची नळी मागच्या चाकाशी उघडी आहे. लिमिटर बदलला. आयडल १४.२ ला आलं, जरा डुलतं पण बंद पडत नाही. आज सगळे प्लग काढले. सात फिक्या तपकिरी रंगाचे, ८ नंबरचा काजळीने काळा आणि ओला. वाइडबँडवर मात्र सगळं छान दिसतंय. कॅट ऑर्डर करू का?

---

लॅम्डा_एक :

ऑर्डर करा, बसवू नका.

८ नंबर उजव्या बाजूला. तुमचा सेन्सर डाव्या कलेक्टरमध्ये. उजवीकडे काय चाललंय ते त्याला कधी कळणारच नाही. ८ नंबर मिसिंग मारतोय आणि त्याचं सगळं पेट्रोल, सगळी हवा उजव्या कॅटवर जाणार. धुरातला १ टक्का सीओ जळला की तापमान साधारण ९० अंश चढतं, इथे तर आठातला एक अख्खा सिलिंडर. काही मिनिटांत जाळी हजारच्या वर जाते आणि पडद्यावर शेवटपर्यंत १४.७ झळकत राहतं.

आधी प्लगची वायर बघा. लाँग-ट्यूबमध्ये ८ नंबरचं बूट हेडरला टेकून भाजतं, हे नेहमीचंच आहे. बूट उलटं करून आत पांढरी रेघ किंवा चीर दिसते का ते पाहा. तिथे नसेल तर कॉम्प्रेशन तपासा, मग रॉकर. फ्लॅट टॅपेटचा लोब गेला असेल तर तिथे लिफ्ट कमी भरेल. प्लग नुसता काळा नसून तेलकट असेल तर व्हॉल्व्ह सील.

ते निस्तरल्यावर उजव्या कलेक्टरलाही १८ मिलिमीटरचा बंग (सेन्सर बसवायची आट्यांची कडी) वेल्ड करून घ्या, आडव्या रेषेच्या निदान १० अंश वर, म्हणजे सेन्सरवर पाणी साचत नाही. सेन्सर एकच असला तरी तिकडे हलवून बघता येतं. डावी-उजवीत ०.३ पेक्षा जास्त फरक नको. हेडरची गॅस्केट फुसफुसत असेल तर हे सगळं मोजमाप फुकट, बाहेरची हवा आत ओढली जाते.

कॅट बसवल्यावर अर्धा तास चालवा, मग २५०० आरपीएमला इंजिन धरून कॅटच्या पुढचं आणि मागचं पाइपाचं तापमान घ्या. मागचं २०-५० अंशांनी जास्त असेल तर काम चाललंय. सारखंच असेल तर कॅट पेटलेला नाही किंवा मिश्रण अजून रिच आहे. १५० च्या वर फरक दिसला तर तिथेच इंजिन बंद करा आणि पुन्हा प्लग काढा.

बॅकप्रेशर त्याच बंगमधून मोजता येईल : आयडलला दीड पीएसआयच्या आत, २५०० ला तीनच्या आत. पहिल्या दिवशीचा आकडा लिहून ठेवा, वर्षभराने तुलनेला लागेल.

---

शेव्हेल_डॅलस :

८ नंबरचं बूट आतून भाजलेलं निघालं. नवी वायर आणि सिरॅमिक बूट मागवले. ३०० सेल, ५ इंची दोन सांगितलेत. डबा आधी बसवतो.