व्यास जुळला तरी टायर घासतो

205/55 आर16 (205 मिमी रुंद टायर, बाजूची उंची रुंदीच्या 55 टक्के, 16 इंची रिम) काढून 225/45 आर17 लावले तर बाहेरचा व्यास जवळपास तोच राहतो, म्हणून घासायचा प्रश्नच नाही, असं म्हटलं जातं. व्यासाचं गणित बरोबर आहे, 632 आणि 634 मिमी. पण लोअर केलेल्या (स्प्रिंग बदलून खाली बसवलेल्या) गाडीत खरी अडचण रुंदी आणि ऑफसेटची असते. ऑफसेट म्हणजे रिमची हबला टेकणारी बाजू रिमच्या मध्यापासून किती मिमी बाहेरच्या अंगाला आहे ते.

समजा मूळ रिम 7 इंच रुंद, ऑफसेट 45 आणि नवी 8 इंच, ऑफसेट 35. रुंदीमुळे दोन्ही बाजूंना प्रत्येकी 12.7 मिमी वाढतात, शिवाय ऑफसेट घटल्याने रिम 10 मिमी बाहेर सरकते. म्हणजे फेंडरकडे (चाकावरच्या पत्र्याकडे) जवळजवळ 23 मिमी वाढले, आतल्या बाजूला 3 सुद्धा नाहीत. स्प्रिंग दबली की टायरचा खांदा नेमका फेंडरच्या आत दुमडलेल्या पत्र्याखाली येतो, आणि ती कड रबर अक्षरशः सोलून काढते. ऑफसेट 45 च ठेवला तर बाहेर 12.7 वरच भागतं, पण मग आत शॉकअपपाशी किती फट उरते ते आधी बघा.

उभ्या गाडीवर मोजून काही कळत नाही. गाडी स्टँडवर घ्या, स्प्रिंग काढून चाक जॅकने बंप स्टॉपपर्यंत (चाकाची वरची हालचाल जिथे थांबते त्या रबरी ठोकळ्यापर्यंत) उचला आणि स्टिअरिंग दोन्हीकडे पूर्ण वळवून पाहा. खटपटीचं काम आहे, पण करायलाच हवं.

मी तर 215/45 आर17 च सुचवेन. मूळ टायरपेक्षा त्रिज्या सुमारे 3 मिमी कमी मिळते. फक्त लोड इंडेक्स (टायर किती वजन पेलतो त्याचा आकडा) मूळपेक्षा खाली जाऊ देऊ नका.